पाच मिनिटांचं कुलूप

फोन सकाळी सव्वानऊला वाजला. साहेबांचा आवाज नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत होता.

"बाई, लगेच वर या. मावशींच्या मशीनची शुक्रवारची नोंद घेऊन या. फौजदार आलेत."

ते कार्यालय लिफ्टच्या सुरक्षेचे दाखले देणारं. शहरातली प्रत्येक लिफ्ट वर्षातून एकदा तपासली जाई आणि ती चालू ठेवायची की नाही हे इथल्या एका शब्दावर ठरे, योग्य किंवा अयोग्य. तो शब्द ज्या कॉम्प्युटरांत साठवला जाई ते सांभाळणाऱ्या बाईला सगळे पाठीमागे कुलूपबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. पाच मिनिटं हात हलला नाही की पडदा बंद आणि पुन्हा पासवर्ड, हा नियम तिचाच. मोबाइल दाराजवळच्या कपाटात ठेवायचे, हाही तिचाच. कुलपाला बगल देणारा त्याच दिवशी निलंबित होईल, अशी लाल अक्षरातली सूचना तिने स्वतः भिंतीवर चिकटवली होती. सूचनेत विनंती हा शब्द घालायची तिला सवय नव्हती.

सोमवारी एका पाच मजली इमारतीतली लिफ्ट दोर तुटून खाली आली. आत एक रंगारी होता. डबे, ब्रश आणि तो, सगळं एकदम तळाला गेलं.

तपासनिसाच्या कागदावर 'अयोग्य, दोर झिजला आहे, ताबडतोब बंद ठेवावी' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. कॉम्प्युटरमध्ये मात्र, नोंदी करणाऱ्या मावशींच्या मशीनवरून, 'योग्य' गेलं होतं. दाखलाही तसाच गेला होता.

साहेबांच्या खोलीत फौजदार खुर्चीच्या टोकावर बसले होते. थकलेले डोळे, हातात वही. साहेब खिडकीशी उभे.

"वाचा," फौजदार म्हणाले.

कुलूपबाईने वाचलं. "शुक्रवार, महिन्याचा शेवटचा दिवस. सकाळी नऊला मावशींनी मशीन उघडलं. अकरा चाळीसला त्या लिफ्टची नोंद, अयोग्य. एक चोवीसला बदल, योग्य. एक एकतीसला मशीनला कुलूप लागलं. एक बेचाळीसला मावशींच्या पासवर्डने पुन्हा उघडलं."

"मावशी म्हणतात, मी एक वाजून पाच मिनिटांनी जेवायला गेले. कँटीनवालीही तेच सांगते. शक्य आहे?"

"एक पाचला उठल्या असत्या तर एक दहाला कुलूप लागलं असतं."

"म्हणजे एक सव्वीसपर्यंत कोणीतरी तिथे बसलं होतं."

"हो."

"मध्ये कुलूप लागलं आणि दुसऱ्याने उघडलं, असं?"

"त्याची नोंद झाली असती. झालेली नाही."

"नोंद बदलायचा अधिकार आणखी कोणाला?"

"कोणालाच नाही. साहेबांचाही मी गेल्या वर्षी काढून घेतला. त्यांनीच सांगितलं होतं."

साहेबांनी मान हलवली. "मला त्या भानगडीत पडायचंच नव्हतं. पण मावशींचं कामात लक्ष नाही हो, फौजदारसाहेब. फायली उलटसुलट लावतात, चष्मा शोधत बसतात, शुक्रवारी तर हातातलं घड्याळसुद्धा टेबलावर टाकून निघून गेल्या. अशांच्या हाती लोकांचे जीव. मी एक वाजता मुख्य कार्यालयात बैठकीला गेलो, तीनला परत आलो, आणि तेवढ्यात हे होऊन बसलं."

"कॅमेरा?"

"एकच आहे," कुलूपबाई म्हणाली. "माझ्या सर्व्हरच्या खोलीवर."

फौजदारांनी वही मिटली. "पाच वाजेपर्यंत सहीचा जबाब द्या. मग मी त्यांना घेऊन जातो."

सही तिथल्या तिथे झाली असती. पण दारात मावशी उभ्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या, नोंदींच्या टेबलावर सव्वीस वर्षं काढलेल्या, आयुष्यभर नाकासमोर चाललेल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या रडल्या असत्या, भांडल्या असत्या तर कुलूपबाईला बरं वाटलं असतं.

"तुमचं मशीन तसं म्हणत असेल तर तसंच असेल, मॅडम," एवढंच त्या म्हणाल्या आणि मनगटावरचं घड्याळ उगाच फिरवत राहिल्या.

कुलूपबाई खाली आपल्या खोलीत आली. तिथे कायम थंडी आणि यंत्रांची घरघर. इतर वेळी तिला ती सोबत वाटायची. आज ती नोंदीकडे बघत बसली आणि तिच्या कपाळावर आठी आली.

नऊपासून एक एकतीसपर्यंत एकदाही कुलूप लागलं नव्हतं. साडेचार तास. एवढ्या वेळात मावशी पाणी प्यायलाही उठल्या नाहीत? फाइल आणायला गेल्या नाहीत?

तिने आधीचा दिवस काढला. एकही कुलूप नाही. आधीचा आठवडा, तेच. नियम लागू झाला त्या महिन्यात मावशींचं मशीन दिवसातून पंधरा-पंधरा वेळा बंद पडलेलं, आणि मग एका सोमवारपासून जे थांबलं ते थांबलंच. आठ महिन्यांत कामाच्या वेळेत लागलेलं कुलूप एकच, शुक्रवारी एक एकतीसचं.

इतका वेळ ती कुलूप का लागलं नाही याचा विचार करत होती. विचारायला हवं होतं ते उलटंच, शुक्रवारी ते एकदा लागलं तरी का? मशीन खोटं बोलत नव्हतं, पण तिला त्याचं बोलणं कळत नव्हतं, हे आठ महिने.

ती आधी तपासनिसाकडे गेली. उंच, किडकिडीत माणूस. दिवसभर लिफ्टचे दोर तपासतो म्हणून सगळे त्याला दोरखंड म्हणत. मावशी बसत त्याच हॉलमध्ये, कोपऱ्यातल्या टेबलाशी तो पाठ करून बसला होता.

"शुक्रवारी मावशींशी भांडलात?"

"भांडलो. पावणेएकला. माझं अक्षर लागत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, चष्मा बदला."

"एक ते दोन कुठे होतात?"

"खाली गाडीत झोपलो होतो."

"कोणी पाहिलं?"

"झोपलेल्या माणसाला कोण बघत बसतं?" मग त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. "मॅडम, मी अयोग्य लिहिलं होतं. स्वतःच्या हाताने. त्या दोराच्या तारा बोटाला टोचल्या होत्या माझ्या. आणि तरी तो माणूस गेला."

त्याने सवयीने मनगटाकडे पाहिलं. मनगट रिकामं होतं. "किती वाजले?" त्याने विचारलं.

"साडेबारा."

कँटीन तळमजल्यावर. चालवणाऱ्या काकू पोळ्यांच्या चवडीआड उभ्या होत्या. त्या कोणालाच घाबरत नसत आणि त्यांच्या जिभेला हाडही नव्हतं.

"काकू, शुक्रवारी मावशी किती वाजता आल्या?"

"एक वाजून पाच मिनिटांनी. पोलिसांना सांगितलं तेच तुम्हाला सांगते. मैत्रीण आहे म्हणून खोटं बोलते, असं ते म्हणाले. म्हणोत."

"वेळ इतकी पक्की कशी आठवते?"

"त्यांनीच विचारली ना! आल्या आल्या किती वाजले, अर्ध्या जेवणात किती वाजले, ताट ठेवताना किती वाजले. हल्ली सगळ्या हॉलला हेच वेड लागलंय. तुम्ही फोन काढून घेतलेत, आता लोक माझा जीव खातात."

कुलूपबाई तिथेच थांबली. मावशींच्या हातात घड्याळ होतं. सकाळीच तर ते फिरवताना पाहिलं. मग हातात घड्याळ असलेली बाई एका जेवणात तीनदा दुसरीला वेळ का विचारते?

जेवणाच्या सुट्टीत ती कधी हॉलमध्ये गेली नव्हती. ती तिचा डबा खाली यंत्रांजवळ खायची, एकटी. आज ती एक वाजून वीस मिनिटांनी हॉलचं दार ढकलून आत गेली.

आत चिटपाखरू नव्हतं. खुर्च्या मागे सरकवलेल्या, पंखे बंद. मावशींच्या टेबलावर पोलिसांची पट्टी चिकटवलेली होती आणि त्यांचा पडदा काळा होता. उरलेले अकरा पडदे मात्र चालू होते.

एक वीस. सगळे एकला उठले होते. वीस मिनिटं हॉल रिकामा आणि एकाही मशीनला कुलूप नाही. कोणाच्या पडद्यावर अर्धवट भरलेला अर्ज, कोणाच्या पडद्यावर उघडा दाखला. कोणीही यावं, बसावं आणि काहीही लिहून जावं.

ती जवळच्या टेबलाशी गेली आणि तिला दिसलं. पडद्यावरचा बाण हलत होता, अगदी किंचित. केसभर इकडे, केसभर तिकडे. पुढच्या टेबलावर तसंच. त्याच्या पुढेही. अख्ख्या रिकाम्या हॉलमध्ये अकरा बाण थरथरत होते आणि एकाही माउसवर हात नव्हता.

क्षणभर वाटलं, आपण वळून निघून जावं. मग तिने हात पुढे केला आणि माउस उचलला.

खाली मनगटी घड्याळ होतं. काच वर करून ठेवलेलं, सेकंदाचा काटा फिरत असलेलं. माउसच्या पोटातला दिवा त्या काट्याकडे बघत होता आणि समजत होता की टेबलाशी माणूस आहे.

तिने दुसरा माउस उचलला. घड्याळ. तिसरा. घड्याळ. दोरखंडच्या टेबलावर मोठ्या तबकडीचं, चामडी पट्ट्याचं. माउस जागेवर असला की खालचं काहीच दिसत नव्हतं.

तिच्या कडेकोट बंदोबस्ताला या लोकांनी सेकंदाच्या काट्याने पुरतं गुंडाळून ठेवलं होतं. तिला राग यायला हवा होता. आला नाही. ती कोणाच्या तरी खुर्चीत बसून राहिली.

फौजदारांच्या परवानगीने तिने मावशींना आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"घड्याळाची युक्ती कोणाची?"

मावशींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पदराखाली झाकलं.

"माझी," त्या शेवटी म्हणाल्या. "बाकीच्यांना मीच शिकवली. त्यांना काही करू नका, मॅडम."

"कशासाठी केलंत?"

"एका लिफ्टचा अर्ज चार पानांचा. मी कागद उलटते, आकडे जुळवते, तेवढ्यात पडदा बंद होतो. पासवर्ड घालून उघडलं तर भरलेलं सगळं गेलेलं. पुन्हा पहिल्यापासून. दिवसातून पंधरा वेळा. मी तुम्हाला लिहून दिलं होतं, सात वेळा. वेळ वाढवा, नाहीतर अर्धवट अर्ज तरी साठवून ठेवा."

कुलूपबाईला आठवलं. सातही तक्रारींखाली तिने 'नियमानुसार आहे' असं लिहून त्या निकाली काढल्या होत्या. एकही दोन ओळींपुढे वाचली नव्हती.

"शुक्रवारी परत आलात तेव्हा टेबलावर काय दिसलं?"

"पडदा बंद होता. माउस बाजूला आणि घड्याळ कीबोर्डजवळ, पट्टा नीट सरळ करून ठेवलेलं. माझी तर पाचावर धारण बसली. वाटलं, तुम्ही येऊन गेलात. आता निलंबनाचा कागद येणार. मी घड्याळ हातात घातलं आणि तेव्हापासून काढलं नाही. कुठली नोंद बदलली हे बघायचं सुचलंच नाही हो मला."

"पोलिसांना हे का नाही सांगितलंत?"

"सांगून काय? दार तर मीच उघडं टाकलं होतं." त्यांचा आवाज चिरकला. "त्या दारातून कोण आलं याने काय फरक पडतो?"

"पडतो," कुलूपबाई म्हणाली. तिला सकाळचं एक वाक्य आठवलं होतं.

साडेचारला ती साहेबांच्या खोलीत गेली. फौजदार होते, मावशी होत्या, दोरखंडही होता. साहेबांनी जबाबाचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"सही करा, बाई. उगाच लांबण नको."

"करते. त्याआधी थोडं बोलायचंय." तिने फौजदारांकडे पाहिलं. "सकाळी मी म्हणाले, एक सव्वीसपर्यंत कोणीतरी टेबलाशी होतं. ते बरोबर आहे. पण त्या मावशीच होत्या असा मी आपला हिशेब लावला. तो चुकला."

तिने साहेबांच्याच कॉम्प्युटरचा माउस स्वतःच्या घड्याळावर ठेवून दाखवला. फौजदार पुढे झुकले. पडद्यावरचा बाण थरथरला.

"हॉलमधले बाराही जण जेवायला जाताना हे करतात. त्यामुळे मावशी एक पाचला गेल्या, तरी मशीन उघडंच राहिलं. कँटीनच्या काकू खरं बोलत होत्या. घड्याळ टेबलावर म्हणून तर मावशींनी त्यांना तीनदा वेळ विचारली."

"मग कोणीही बदल केला असेल," साहेब म्हणाले. "हा दोरखंडसुद्धा. तो एकटाच होता ना?"

दोरखंड उठायला गेला. तिने हाताने त्याला बसवलं.

"नाही. आठ महिन्यांत त्या मशीनला कामाच्या वेळेत एकदाच कुलूप लागलं, शुक्रवारी एक एकतीसला. का? कारण ज्याने नोंद बदलली त्याने माउस घड्याळावरून उचलला, काम केलं आणि जाताना तो नुसत्या टेबलावर ठेवला. पाच मिनिटांनी पडदा बंद. हॉलमधल्या कोणीही असं केलं नसतं. ज्याला युक्ती माहीत आहे तो माउस पुन्हा घड्याळावर ठेवून जातो, म्हणजे कोणी आलं होतं हे कळतही नाही. दोरखंडला युक्ती माहीत आहे, त्याच्या माउसखाली आज मी घड्याळ पाहिलं."

"म्हणजे युक्ती माहीत नसलेला माणूस," फौजदार म्हणाले.

"असे इथे दोघेच. एक मी. मी शुक्रवारी दुपारी माझ्या खोलीत होते, तिथे कॅमेरा आहे. दुसऱ्याच्या मशीनला कुलूपच नाही. नियम आला त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला ते काढायला लावलं. त्यामुळे हॉलमधलं मशीन उघडं दिसलं याचं त्यांना नवलही वाटलं नाही."

साहेब हसायला गेले. "बाई, तुम्ही कोणाबद्दल बोलताय ते कळतंय ना?"

"साहेब, तुम्ही सकाळी म्हणालात, शुक्रवारी मावशी घड्याळ टेबलावर टाकून गेल्या. तुम्ही ते कधी पाहिलंत?"

"येता-जाता दिसलं असेल."

"ते माउसखाली होतं. माउस उचलल्याशिवाय दिसत नाही. आणि परत आल्याबरोबर मावशींनी ते हातात घातलं. एक चोवीस ते एक बेचाळीस, एवढाच वेळ ते उघड्यावर होतं. तेव्हा तुम्ही म्हणे बैठकीत होतात."

फौजदारांनी फोन उचलला, मुख्य कार्यालयाशी दोन मिनिटं बोलले आणि खाली ठेवला.

"बैठक सव्वादोनला सुरू झाली," ते म्हणाले. "इथून तिथे जायला वीस मिनिटं. साहेब, एकपासून तुम्ही कुठे होतात?"

साहेबांनी टाय सैल केला. आधी ते चिडले, मग खुर्चीत बसले. एकदम म्हातारे दिसू लागले.

"महिनाअखेर होती," ते म्हणाले. "सगळ्या फायली निकाली निघाल्या होत्या, ही एकच उरली. अयोग्य म्हटलं की दोर बदलेपर्यंत फाइल उघडी राहणार. माझ्या बढतीचा कागद त्या बैठकीत जायचा होता, शून्य प्रलंबित असं लिहून. मी हॉलमध्ये फाइल बघायला गेलो. मशीन उघडं होतं. एक शब्द तर बदलायचा होता." ते थांबले. "मला वाटलं, दोर अजून महिनाभर टिकेल."

"तारा बोटाला टोचत होत्या," दोरखंड म्हणाला.

"आणि ते घड्याळ?" फौजदारांनी विचारलं.

"विसरल्या असतील असं वाटलं. पट्टा दुमडला होता, म्हणून सरळ करून ठेवलं."

मावशींनी डोळे मिटून घेतले.

फौजदारांनी साहेबांना नेलं तेव्हा हॉलमधली माणसं उठून उभी राहिली. कुलूपबाईने जबाबाचा कागद घेतला, सगळं पहिल्यापासून लिहिलं आणि शेवटी एक परिच्छेद वाढवला. हॉलमधल्या लोकांनी पळवाट काढली कारण मी त्यांची अडचण सात वेळा वाचायचं टाळलं. ज्याच्या हाती इथला कारभार होता त्याला मी विनातक्रार मोकळं ठेवलं, आणि दिवसभर अर्ज भरणाऱ्यांना कोंडलं. खाली सही केली.

फौजदारांच्या हवालदाराने वाचलं. "हे शेवटचं लिहायलाच हवं का, मॅडम? तुमच्या नोकरीवर येईल."

"राहू द्या," ती म्हणाली.

बाहेर पायरीवर मावशी थांबल्या होत्या. तिला वाटलं, आभार मानतील. मानले असते तर ते कुठे ठेवावेत हे तिला कळलं नसतं.

"त्या रंगाऱ्याची आई इथून दोन थांबे पुढे राहते," मावशी म्हणाल्या. "पत्ता घेतलाय मी. तिला सांगायला हवं, कसं झालं ते. माझ्या टेबलावरून झालं."

"तुम्ही सुटलात, मावशी. तुमचा दोष नाही असं आता कागदावर आहे."

"कागदावर आहे." मावशींनी पदर सावरला. "तुम्ही येता का? एकटीने दार वाजवायचा धीर होत नाही मला."

कुलूपबाईला नाही म्हणायला शंभर कारणं होती. उद्याची चौकशी होती, बारा मशीन नव्याने लावायची होती. आणि त्या बाईसमोर उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, हे तिला कुठल्याच नियमात सापडणार नव्हतं.

"चला," ती म्हणाली. "दार मी वाजवते."